मु. पो. जग, तालुका अनिवार्य

कोल्हापुरातून गारगोटीच्या एसटीत बसलं की मुधाळ तिट्ट्याच्या अलीकडं बिद्री लागतं. उतरल्यावर पहिला जो माणूस भेटतो तो "कुठं जायचंय?" असं विचारत नाही, "कुणाकडं आलाय?" असं विचारतो. तुम्ही आडनाव सांगितलं की "कुठले? डेअरीवाले का मास्तरांचे?" एवढा एकच उपप्रश्न येतो, आणि मग हाताच्या एका झोक्यात तुम्ही दारात पोचलेले असता. घरांना ग्रामपंचायतीनं नंबर दिलेले आहेत. पण तो नंबर घरपट्टीच्या पावतीवर असतो, आणि पावती कुठं ठेवली हे घरातल्या एकट्या म्हातारीलाच माहीत असतं.

हाच पत्ता कागदावर मांडायला घेतला की घोळ सुरू होतो. गाव बिद्री, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, इथपर्यंत ठीक. इथल्या सहकारी साखर कारखान्याचं नाव दूधगंगा-वेदगंगा, म्हणजे दोन नद्यांचं. तो उभा आहे त्या जागेचं नाव मौनीनगर, म्हणजे पाटगावच्या मौनी महाराजांचं. आणि आख्खा जिल्हा त्या कारखान्याला म्हणतो नुसतं 'बिद्री'. "बिद्रीनं दर किती काढला?" असं कुणी विचारलं तर तो गावाबद्दल बोलत नसतो. शेजारी राधानगरी तालुक्यात कसबा वाळवे, इकडं कागलात वाळवे खुर्द, आणि पार सांगली जिल्ह्यात वाळवा नावाचा सबंध तालुका. निपाणी बाजारहाटाला जवळ, सोयरीक करायला त्याहून जवळ, पण यादीत शोधायला गेलात तर दुसऱ्या राज्यात.

संगणकाला या भानगडी कोण समजावणार? नुसतं 'बिद्री' टाइप करून शोधलं तर काळ्या धातूवर चांदीची नक्षी केलेल्या सुरया आणि फुलदाण्या पुढ्यात येतात, कारण कर्नाटकातल्या बिदरच्या त्या कलाकुसरीलाही बिद्रीच म्हणतात. आणि एखाद्या परदेशी संकेतस्थळावर पत्ता भरायला बसलात तर ते अगदी आदबीनं विचारतं, "हा पत्ता सापडला नाही. तुम्हाला बिदर म्हणायचं होतं का?" नाही हो. आम्हाला बिद्रीच म्हणायचं होतं. आमचा जन्म इथं झालाय.

परदेशी फॉर्म भरणं हा एक प्रवासच असतो. आधी देशांच्या यादीत अफगाणिस्तानातून उतरायला सुरुवात करायची आणि आइसलँड ओलांडून, इंडोनेशियात पाय पडायच्या आत भारतात थांबायचं. बोट जरा जास्त घसरलं की थेट इराक. मग 'राज्य निवडा'. ही यादी कुणी तरी फार पूर्वी टंकून ठेवलेली असते. त्यात ओरिसा असतं, पाँडिचेरी असते, उत्तरांचल असतं. २०१४ साली जन्मलेल्या तेलंगणाची मात्र वार्ता नसते. शहरांची यादी असली तर त्यात औरंगाबाद आणि उस्मानाबाद अजून नांदत असतात. सरकारनं नावं बदलली, पाट्या बदलल्या, एसटीचे बोर्ड बदलले. त्या यादीत शिरायची हिंमत कुणी केली नाही.

यातून सुखरूप बाहेर पडलात तर पुढं 'झिप कोड' दबा धरून बसलेला. अमेरिकेचा झिप १९६३ मध्ये आला आणि तो पाच आकडी. आपला पिन सहा आकडी. अमेरिकन फॉर्मात आपला पिन टाकला तर सहावा आकडा उंबऱ्याबाहेर राहतो, किंवा खाली तांबडी अक्षरं येतात: 'वैध कोड लिहा.' आता वैध म्हणजे त्यांच्याकडचा. मग माणूस काय करतो? जगभरची माणसं काय करतात हे संगणकाच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे: ती ९०२१० टाकतात. हा बेव्हर्ली हिल्सचा झिप. नव्वदीच्या दशकातल्या त्या नावाच्या अमेरिकन मालिकेनं तो घरोघरी पोचवला. सिनेमातल्या श्रीमंतांच्या त्या वस्तीत, निव्वळ कागदोपत्री, आमच्या बिद्रीतलीही बरीच पोरं राहतात. त्यांतल्या एकाच्या घरी दोन म्हशी आहेत.

माझा या फॉर्मांवरचा खरा राग इथं आहे. आयुष्यात कधी तलाठ्यालाही खोटं न सांगितलेला माणूस त्या तांबड्या अक्षरांपुढं मुकाट खोटं बोलतो. रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि खरं लिहिलं तर चालत नाही. मग तो 'एनए' लिहितो, शून्यं ओढतो, एकदोनतीनचारपाच लिहितो. फॉर्म लगेच हिरवा होतो, बरोबरची खूण करतो, आभार मानतो. खरं बोलणाऱ्यावर डाफरणारं आणि खोटं बोलणाऱ्याची पाठ थोपटणारं हे यंत्र कुणा सज्जन माणसानंच चुका टाळण्यासाठी बनवलेलं असतं, हे त्यातलं विशेष.

ही सगळी कटकट बसल्या जागी सोसून विसरून गेलो असतो. पण माझ्या भाच्यानं फॉर्म भरण्याऐवजी फॉर्म बनवायचा उद्योग काढला.

झालं असं की जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोत प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल दिसली आणि इकडं जिल्हाभर गदारोळ उडाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून; आणि मिलानमध्ये कोल्हापूरचं नावसुद्धा नव्हतं. टीका झाल्यावर कंपनीनं चपलेचं मूळ भारतात असल्याचं मान्य केलं. लोक चिडले, लेख आले, भाषणं झाली. भाच्यानं आणि त्याच्या मित्रांनी मात्र वेगळाच हिशोब मांडला. "मामा, तिकडं एवढी मागणी हाय तर आपणच का न्हाई पाठवायची? चप्पल, गूळ, कांदा-लसूण चटणी. आपलीच माणसं हाईत की जगभर." आपली माणसं आहेत हे खरं. कुणाचा पोरगा लीड्सला, कुणाची सून श्टुटगार्टला, कुणाचा जावई दुबईत. बिद्रीच्या पारावर बसून जगाच्या नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली कुणाचा तरी पाहुणा सापडतो.

संकेतस्थळ झालं. चपलेचा फोटो झाला, ढेपेचा झाला. पायाचं माप इंग्लंडचं वेगळं, अमेरिकेचं वेगळं आणि युरोपचं वेगळं, त्यावरून जी भांडणं झाली तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मग पत्त्याचा फॉर्म. पहिल्यांदा पोरांनी कुठला तरी तयार अमेरिकन साचा उचलला होता: स्ट्रीट, सिटी, स्टेट, झिप. भाच्यानं त्यात चाचणी म्हणून स्वतःचाच पत्ता घातला आणि फॉर्मनं तो नापास केला. पोरगं पेटलं. "च्यायला, आमच्या फॉर्मात आमचंच गाव बसंना?" त्या रात्री त्यानं साचा मुळापासून उखडला आणि स्वाभिमानी कोल्हापुरी फॉर्म तयार केला.

त्यात रकाने असे होते: संपूर्ण नाव (स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, आडनाव). मुक्काम. पोस्ट. तालुका. जिल्हा. पिन, सहा आकडी. जवळची खूण. मोबाइल, दहा आकडी. सगळ्यांपुढं तांबडी चांदणी, म्हणजे अनिवार्य.

पहिल्या ऑर्डरी आल्या तेव्हा मी शेजारीच होतो. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी तालुक्यात 'एडिसन' लिहिलं होतं, जिल्ह्यात 'मिडलसेक्स', आणि तो जिल्हा खरोखरच बरोबर होता. हा मनुष्य तिकडं निवडणूक लढवू शकेल. डब्लिनच्या बाईंनी मुक्काम डब्लिन, पोस्ट डब्लिन, तालुका डब्लिन, जिल्हा डब्लिन असं चार वेळा लिहून नंतर 'जवळची खूण' मध्ये 'तुम्हीच सांगा' असं लिहिलं होतं. ऑस्ट्रेलियातून खूण आली होती, 'सगळी घरं सारखीच आहेत, निळ्या गाडीचं आमचं'. एका जर्मन ग्राहकानं, म्हणजे अस्सल जर्मन, आपल्या सुनेच्या शिफारशीवरून गूळ मागवला होता. त्यानं तालुक्याच्या रकान्यात सविस्तर खुलासा केला होता की, या प्रश्नाचा अर्थ मला कळलेला नाही, तरी कृपया योग्य ते गृहीत धरावं. दुबईच्या जावईबापूंनी पिनमध्ये सहा शून्यं ओढली होती.

"बघा मामा, लोक कसलं खोटं भरत्यात," भाचा म्हणाला.

जावईबापूंचा यात काही दोष नव्हता. अमिरातीत पिनकोडच नाही. तिथं टपाल पोस्टाच्या पेटीत येतं, पेटीचा क्रमांक हाच पत्ता. हाँगकाँगमध्येही कोड नाही. आयर्लंडमध्ये २०१५ पर्यंत देशभर लागू असा कोड नव्हता; खेड्यात तर एकाच वाडीतल्या कित्येक घरांचा पत्ता अक्षरशः एकच असायचा, आणि कुठलं पत्र कुणाच्या दारात टाकायचं हे पोस्टमन आडनावावरून ठरवायचा. म्हणजे डब्लिनच्या बाईंना वाटलं असेल त्याहून बिद्री आणि आयर्लंड जवळ आहेत. आता त्यांनी कोड आणलाय, तोही एकेका घराला एकेक.

उलट कोड असलेल्या देशांचंही जमत नाही. इंग्लंडच्या आणि कॅनडाच्या कोडात अक्षरं असतात, आकडे असतात, मधे मोकळी जागा असते. कॅनडाच्या पोस्टानं तर सांताक्लॉजला स्वतंत्र कोड दिलाय: एच-शून्य-एच शून्य-एच-शून्य, वाचताना 'हो हो हो' वाटावं म्हणून. यावर हसू नका. शबरीमलाच्या अय्यप्पास्वामींचाही स्वतःचा पिन आहे, ६८९७१३. आणि 'पिन म्हणजे सहा आकडे, यात काय शंका' असं म्हणणाऱ्या माझ्या भाच्याला मी सांगितलं की एप्रिल २०२४ मध्ये भारतीय टपाल खात्यानं अंटार्क्टिकावर, भारती संशोधन केंद्रात, एक पोस्ट ऑफिस उघडलं आणि त्याला प्रायोगिक पिन दिला एमएच-१७१८. हे ऑफिस आपल्याच महाराष्ट्र परिमंडळात येतं, गोवा विभागामार्फत. तुझ्या स्वाभिमानी फॉर्मात तुझंच परिमंडळ बसत नाही, बाबा.

पिनवरून आठवलं. तो ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले. पोस्ट आणि तार खात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि उरलेल्या वेळात संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिणारे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. त्याचं कारणही आपल्या वाळव्यांसारखंच होतं: एकाच नावाची गावं ढीगभर, पत्ते दहा लिप्यांत, स्पेलिंगांचा पत्ता नाही. त्यांनी देश विभागांत वाटला. पहिला आकडा ४ असला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन ४१६ असले की पत्र कोल्हापूरच्या वर्गवारीत. शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या पोस्टाचे. संस्कृत वृत्तात गण मोजून लिहिणाऱ्या माणसालाच हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. वेलणकरांनी पत्रावर सहा चौकोन छापून घेतले ते टपाल छाटणाऱ्याच्या सोयीसाठी, आणि ते रिकामे ठेवून पेटीत टाकलेलं पत्रही पोचायचंच, थोडं रमतगमत. पेटीनं कधी पत्र ओकून बाहेर टाकलं नाही की 'सहा आकडे भरा, मगच आत घेतो'.

या टप्प्यावर गावातले निवृत्त पोस्टमन तात्या चहाला आले. तात्यांनी उभी हयात सायकलवरून टपाल वाटलेलं. 'आमचा सर्जा बैल ज्याला विकला तो पाहुणा, मुक्काम बोरवडे' एवढ्या पत्त्यावर आलेलं कार्ड त्यांनी योग्य हातात दिलेलं आहे, असं ते स्वतः सांगतात आणि सर्जाचं नाव निघाल्यावर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही. भाच्यानं त्यांना फॉर्म दाखवला. जपानचा पत्ता कसा उलटा, आधी प्रांत, मग शहर, मग भाग, मग गल्लीऐवजी ब्लॉकचा क्रमांक, शेवटी घर. जर्मनीत रस्त्याचं नाव आधी आणि घराचा नंबर नंतर, कोड शहराच्या अगोदर. हे सगळं एका फॉर्मात कसं बसवायचं ही आपली अडचण त्यानं मांडली.

तात्या फुर्र करून चहा प्यायले. "आरं, तुला जपानात टपाल वाटायचंय का?"

"न्हाई."

"मग तू कशाला वाचतोयस? हितनं पार्सल निघताना आमी शेवटची वळ बघायचो. देशाचं नाव. जपान म्हटलं की जपानच्या पोत्यात. फुडचं जपानचा पोस्टमन बघंल, त्येला पगार कशाचा हाय?"

जागतिक टपाल संघ १८७४ पासून स्वित्झर्लंडातल्या बर्नमध्ये बसून साधारण हेच सांगतोय. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, ठळक मोठ्या अक्षरांत, पाठवणाऱ्या देशाला समजेल असं. आणि वरचा पत्ता ज्या देशात जायचंय त्या देशाच्या रिवाजाप्रमाणं, जसाच्या तसा. फरक इतकाच की बर्नवाल्यांनी ते नियमावलीत सांगितलं आणि तात्यांनी बशीतून.

भाच्याचा चेहरा पडला. कारण तात्यांच्या हिशोबानं त्याच्या फॉर्मात फक्त दोनच गोष्टी लागत होत्या: देश, आणि त्याखाली एक मोठा मोकळा चौकोन. इंजिनियरिंगची चार वर्षं करून आलेल्या पोराला एक मोकळा चौकोन काढ म्हणणं हा अपमान असतो. चौकोन काय, आमच्या आजीनंही काढला असता. तो दोन दिवस गप्प होता. मग त्यानं बाकीच्या रकान्यांची एकेक करून आहुती दिली. तालुक्याला हात लावताना त्याला जड गेलं, हे मी पाहिलं.

'जवळची खूण' मात्र त्यानं ठेवली, अनिवार्यची चांदणी काढून. ते बरोबरच केलं. खुणेनं पत्ता सांगणारे आपण एकटे नाही. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा देश आहे, तिथं पत्ता असाच असतो: चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास मीटर पूर्वेला. राजधानीलगतच्या एका भागात तर एका जुन्या अंजिराच्या झाडापासून अंतरं मोजत होते, आणि ते झाड पडून गेल्यानंतरही मोजत राहिले. ते वाचल्यापासून मला त्या देशाबद्दल घरोबा वाटतो. आमच्याकडंही 'जुन्या डेअरीपाशी' म्हणून पत्ता सांगतात. डेअरी हलून एक पिढी झाली, 'जुनी' मात्र जागची हलली नाही. कोल्हापुरात बिनखांबी गणेश, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी यांच्यावर शहर उभं आहे. त्या जागी '४ था क्रॉस, ७ वा मेन' अशा पाट्या लावून बघा, रिक्षावाले संपावर जातील.

पत्त्याचं मार्गी लागलं आणि फोन आडवा आला.

भाच्यानं फोनला दहाच आकडे ठरवले होते, कारण आपला मोबाइल दहा आकडी आणि ६, ७, ८, ९ पैकी एकानं सुरू होणारा. घरातला जुना फोनही शून्य सोडून दहाचाच: कोल्हापूरचा कोड २३१ आणि पुढं सात आकडे, कागलकडचा २३२५ आणि पुढं सहा. गणित इतकं सुरेख बसतं की जगात सगळीकडं असंच असणार असं वाटतं. पण सिंगापूरचा नंबर आठ आकड्यांत आटोपतो. जर्मनीत लांबी ठरलेलीच नाही, एकाचा आखूड, एकाचा लांब, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. जागतिक नियम एवढाच की देशाचा कोड धरून पंधरा आकड्यांच्या वर जायचं नाही.

आणि ते शून्य! पूर्वी पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडी-पीसीओत बसणाऱ्या माणसाला कुठलं शून्य लावायचं आणि कुठलं काढायचं हे तोंडपाठ असायचं. तो पंडितच वेगळा. परदेशातून भारतात फोन लावताना गावच्या कोडाचं शून्य गाळायचं. इंग्लंडचंही गाळायचं, पण इंग्रज माणूस ते कंसात लिहून ठेवतो, म्हणजे आहे आणि नाहीही, अद्वैतासारखं. इटलीत घरच्या फोनचं शून्य गाळलं तर फोन लागत नाही. आणि आपल्याकडं १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाइल लावायला पुढं शून्य लागतं. पण घरचा फोन कुणाकडं राहिलाय?

फॉर्मला यातलं काहीच रुचत नव्हतं. अधिकचं चिन्ह दिलं तर तांबडं. मधे मोकळी जागा सोडली तर तांबडं. फ्रान्समधले लोक नंबर दोन-दोनच्या जोड्यांत लिहितात, आपल्या माणसासारखेच. आपणही 'अठ्ठ्याण्णव बावीस' करतच सांगतो आणि समोरचा 'इंग्लिशमध्ये सांगा हो' म्हणतो. त्या जोड्यांनाही तांबडं. गावातल्या एका आबांनी नातवाला सरप्राइज म्हणून ऑर्डर करायला घेतली. त्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी. त्यांनी नंबर अगदी शुद्ध देवनागरी आकड्यांत भरला, आणि फॉर्मनं सांगितलं, 'कृपया फक्त आकडे भरा.' आबांनी चष्मा पुसला, पुन्हा भरले. 'कृपया फक्त आकडे भरा.' "मग ह्ये काय बटाटं हाईत काय?" असं आबांनी विचारलं, ते साऱ्या गल्लीनं ऐकलं.

त्यावर कडी केली श्टुटगार्टच्या सूनबाईंनी. देश जर्मनी निवडला की फोनपुढं आपोआप जर्मनीचा झेंडा आणि ४९ यायचा, तो बदलता येत नव्हता. पण त्यांचा चालू नंबर होता ९१ चा, कोल्हापूरचाच, कारण सासूबाईंचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यावर होता. माणूस एका देशात आणि त्याचा फोन दुसऱ्या देशात असू शकतो हे फॉर्म बनवणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. आमच्याकडं तर अर्ध्या गावाचं असंच आहे. शिवाय झेंड्यावरून तरी काय ठरतं? १ हा कोड अमेरिका, कॅनडा आणि जमैकासारखी कॅरिबियन बेटं वाटून घेतात. ७ मध्ये रशिया आणि कझाकस्तान शेजारी बसलेत.

मी भाच्याला विचारलं, हा फोन तुला पाहिजे कशाला? म्हणाला, डिलिव्हरीवाल्याला लागतो. हा विचार अस्सल बिद्रीचा. इथं कुरियरचा पोरगा पत्ता वाचतच नाही. तो तिट्ट्यावर गाडी उभी करून फोन लावतो, "साहेब, कुठं यायचं?" साहेब म्हणतात, "तितंच थांब, आलो," आणि पार्सलऐवजी साहेबच पोचतात. जर्मनीत बरोबर उलटं. तिथला पोस्टमन फोनच्या नादी लागत नाही. तो इमारतीच्या दारावरच्या घंट्यांपुढं उभा राहून नाव वाचतो. फ्लॅटला नंबर नसतो बहुतेक, घंटीवरचं आडनाव हाच फ्लॅट. नाव घंटीवर नसलं की पार्सल आल्या पावली परत. सूनबाईंच्या आईनं पहिलं पार्सल 'चि. सौ. बबडी' या नावानं पाठवलं होतं. जर्मनीत बबडी नावाची घंटी नव्हती. चटणी महिनाभर जग फिरून बिद्रीला माघारी आली, आणि खवट झाली नव्हती हे त्या चटणीचं कौतुक.

अखेर फोनच्या रकान्यालाही मोकळं सोडलं. अधिक लिहा, कंस लिहा, जागा सोडा, देवनागरीत लिहा. जमवून घ्यायचं ते यंत्रानं आपलं आपण जमवून घ्यावं, आबांना कामाला लावू नये. नकोच असला तर रिकामा ठेवा.

मधल्या काळात भाच्याला एक नवी आशा लागली होती. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मंडळींबरोबर मिळून केलेला, दहा अक्षर-आकड्यांचा, आणि देशाचा चप्पा न् चप्पा साधारण चार मीटर गुणिले चार मीटरच्या चौकोनांत वाटणारा. आता बिदर की बिद्री हा प्रश्नच उरणार नाही म्हणून तो खूश. त्यानं घराचा डिजिपिन काढला. सोप्याचा वेगळा आला, परड्याचा वेगळा, गोठ्यात दावणीच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरा. म्हणजे म्हशींना स्वतंत्र पत्ते मिळाले. एक म्हैस बेव्हर्ली हिल्सवाल्याच्या घरची असती तर मजा आली असती. तात्यांना विचारलं, कसं वाटतं? म्हणाले, "चांगलंय. पर म्हस पान्यावर गेली तर सही कोण करायचं?"

मोकळा चौकोन चालू झाल्यावर ऑर्डरी सुरळीत आल्या. मोकळी जागा मिळाली की माणसं खरं लिहितात, आणि कधी कधी गरजेपेक्षा जास्त खरं लिहितात. लीड्सच्या पोरानं पत्ता व्यवस्थित घातला, कोड घातला, आणि त्याच चौकोनात खाली रोमन लिपीत मराठी चार ओळी लिहिल्या: मी कामावर असतो, घर बंद असेल तर शेजारच्या म्हातारीकडं ठेवा, पण आत चटणी आहे ते तिला सांगू नका, मागच्या वेळी तिनं चव घेतली आणि मला ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली होती. यंत्रानं तात्यांच्या शिकवणीप्रमाणं यातलं काही वाचलं नाही. सगळं जसंच्या तसं लेबलवर छापलं, खाली ठळक अक्षरांत देशाचं नाव दिलं, आणि पार्सल निघालं.

पोचलं. घर बंदच होतं, आणि पोस्टमननं ते शेजारच्या म्हातारीकडंच ठेवलं. तिला लेबल वाचता आलं नसणार. पुढची ऑर्डर दोन पाकिटांची होती, आणि चौकोनात तळाशी लिहिलं होतं: एकावर शेजारणीचं नाव घाला, ती पैसे देणार आहे.